परक्याच्या घरातले सहा दिवस: ब्रिस्टल ते हॅनोव्हर

माझं माहेर औंधचं. पुण्याला उतरलं की रिक्षावाल्याला "ब्रेमेन चौकात सोडा" असं सांगायची सवय आहे. पण ब्रेमेन हे जर्मनीतलं शहर आहे आणि पुण्याची त्याच्याशी मैत्री आहे, हे मला कळलं ते रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनच्या वर्गात बसल्यावर. पुढे लग्न होऊन ब्रिस्टलला आले. इथे बंदराच्या काठाने फिरायला गेलं की एका धक्क्यावर हॅनोव्हरचं नाव लिहिलेलं दिसतं. चौदा वर्षं त्या पाटीवरून नजर फिरवत गेले आणि गेल्या वर्षी एकदा थांबून चौकशी केली. कळलं, ब्रिस्टल आणि हॅनोव्हर ही जुळी शहरं आहेत, १९४७ पासून. दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या घरी राहायला जातात-येतात. हॉटेलात नाही, घरी. इथल्या मंडळाला जर्मन येणारी माणसं हवीच होती. मी नाव घातलं.

आपण 'जुळी शहरं' म्हणतो. जर्मन माणूस 'पार्टनरश्टाट' म्हणतो, म्हणजे भागीदार शहर. मला दोन्ही शब्द जरा अपुरे वाटतात. जुळी जन्माला येतात, ही तर जुळवलेली आहेत. मध्ये माणसं घालून, दोन्हीकडचं पाहून सोयरीक जमवावी तशी. आणि तीही कधी? लढाई संपून दोन वर्षं झाली होती तेव्हा. लढाईनंतर जर्मनीचा वायव्य भाग इंग्रजांच्या ताब्यात होता, म्हणून त्या भागातल्या शहरांशी इंग्लंडची पहिली नाती जुळली. त्याच १९४७ मध्ये ऑक्सफर्डने बॉनशी आणि रेडिंगने ड्युसेलडॉर्फशी संबंध जोडले. ज्यांच्यावर बॉम्ब टाकले आणि ज्यांनी आपल्यावर टाकले, त्यांच्याकडे पाहुणे म्हणून जायचं ही कल्पना त्या वेळी कुणाला तरी सुचली आणि इतरांना पटली, याचं मला आजही मोठं अप्रूप वाटतं.

पहिला दिवस, बुधवार

सकाळी ब्रिस्टल टेम्पल मीड्सहून लंडनचं पॅडिंग्टन, तिथून सेंट पँक्रस, मग युरोस्टारने ब्रसेल्स, ब्रसेल्सहून कोलोन आणि कोलोनहून हॅनोव्हर. असा दिवसभराचा रेल्वेचा प्रवास. आम्ही एकोणीस जण होतो. बेचाळिशीतली मी सगळ्यात लहान, बाकीचे बहुतेक साठीच्या पुढचे. ही गोष्ट पहिल्याच डब्यात लक्षात आली आणि सहाही दिवस मनातून गेली नाही.

माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे. बाकी अठरा जणांना व्हिसा लागत नव्हता, मला शेंगेनचा काढावा लागला. त्यासाठी यजमानांचं पत्र हवं होतं. हॅनोव्हरच्या ज्या बाईंकडे मी उतरणार होते त्यांनी ते पाठवलं. घर कुठे आहे, किती दिवस राहणार, खोली आहे, हे सगळं रीतसर लिहून झाल्यावर खाली एक वाक्य जास्तीचं होतं: "मी त्यांची वाट पाहत आहे." नियमात असं काही लिहायला सांगितलेलं नव्हतं. ते वाक्य मी कितीदा वाचलं कोण जाणे.

कोलोनला पुढची गाडी चुकली आणि तासभर हातात आला. तिथलं कॅथेड्रल स्टेशनच्या दारातच उभं आहे. बाहेर पाऊल टाकलं की १५७ मीटर उंचीचे दोन काळे मनोरे एकदम अंगावर येतात. मान दुखेपर्यंत पाहिले आणि परत फलाटावर आलो.

हॅनोव्हरला पोहोचेपर्यंत रात्रीचे साडेआठ झाले. मे महिना, त्यामुळे उजेड होता. यजमान मंडळी "शेपटीखाली" भेटतील असं पत्रात लिहिलेलं होतं. स्टेशनसमोरच्या चौकात राजा अर्न्स्ट ऑगस्टचा घोड्यावर बसलेला पुतळा आहे. हॅनोव्हरमध्ये कुणाला भेटायचं ठरलं की लोक त्या घोड्याच्या शेपटीखाली भेटतात, जसं आपण मंडईत अमुक ठिकाणी भेटू म्हणतो. या राजाची गोष्टही इंग्लंडशी जोडलेली आहे. १७१४ पासून इंग्लंड आणि हॅनोव्हर यांचा राजा एकच होता. १८३७ मध्ये व्हिक्टोरिया गादीवर आली, पण हॅनोव्हरच्या कायद्यात बाईला राज्य चालत नव्हतं, म्हणून तिचा हा काका इथला राजा झाला आणि दोन्ही राज्यं वेगळी झाली. ब्रिस्टलला आलेल्या प्रत्येक मराठी पाहुण्याला मी आर्नोस व्हेल दफनभूमीतली राजा राममोहन रॉय यांची छत्री दाखवते. ते १८३३ मध्ये ब्रिस्टलला वारले, तेव्हा ब्रिस्टल आणि हॅनोव्हर एकाच राजाच्या छत्राखाली होते हे त्या पुतळ्याखाली उभं राहिल्यावर माझ्या ध्यानात आलं.

शेपटीखाली वीस-पंचवीस माणसं हातात नावांच्या पाट्या घेऊन उभी होती. माझ्या नावाची पाटी होती एका ताठ, बारीक, पांढऱ्या केसांच्या बाईंच्या हातात. वय ८४. नावातलं 'ज्ञ' लॅटिन लिपीत कसं लिहायचं हे कुणालाच धड जमत नाही. त्यांनी त्याखाली बारीक अक्षरात उच्चार लिहून आणला होता, कुणाला तरी विचारून.

लिस्ट नावाच्या भागात, चौथ्या मजल्यावर त्यांचं घर. पाव, चीज, काकडी, मुळा असं थंड जेवण पाटावर मांडलेलं. या संध्याकाळच्या जेवणाला जर्मनमध्ये 'संध्याकाळचा पाव' असंच म्हणतात. मी शाकाहारी आहे हे त्यांना आधीच कळवलं होतं, म्हणून मांसाचे काप वेगळ्या बशीत, वेगळ्या सुरीसह ठेवलेले. एवढं कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरा दिवस, गुरुवार

सकाळी नगरपालिकेत स्वागत. नगरपालिकेला इथे राटहाउस म्हणतात आणि हे 'नवं' राटहाउस १९१३ चं आहे. राजवाड्यासारखी इमारत, वर घुमट. जमीन दलदलीची, म्हणून पायात बीच लाकडाचे ६,०२६ खांब ठोकलेले आहेत. घुमटावर जायची लिफ्ट सरळ जात नाही, घुमटाच्या वळणाबरोबर कलत कलत चढते. तळाशी काच आहे, खाली बोगद्याचं वळण सरकताना दिसतं. आमच्यातले पंचाहत्तरीचे गृहस्थही लहान मुलासारखे काचेला नाक लावून उभे होते.

पण खरं पाहायचं ते खाली, दालनात. तिथे शहराच्या चार प्रतिकृती ठेवल्या आहेत. १६८९ चं तटबंदीतलं हॅनोव्हर, १९३९ चं, १९४५ चं आणि आजचं. दुसरी आणि तिसरी यांच्यामध्ये सहाच वर्षं आहेत. दुसरीत लाल कौलांची दाटी, गल्ल्या, चर्चचे कळस. तिसरीत नुसत्या करड्या भिंती, वर छप्पर नाही, आत मजला नाही. दात पडलेल्या जबड्यासारखं शहर. मध्यभाग जवळजवळ ९० टक्के गेला होता. त्यातला सगळ्यात मोठा घाव ९ ऑक्टोबर १९४३ च्या रात्रीचा. आमच्याबरोबर हॅनोव्हरचे एक शिक्षक होते. त्यांनी काही भाष्य केलं नाही, फक्त काठीने दाखवलं, "हे स्टेशन. ही आपण उभे आहोत ती इमारत. ही माझ्या आजोबांची गल्ली."

स्वागताच्या भाषणात बुटांची गोष्ट आली. १९४७ मध्ये ब्रिस्टलचे पाच प्रमुख नागरिक सदिच्छा भेटीसाठी हॅनोव्हरला आले. इथली मुलं अनवाणी होती. ब्रिस्टलहून चामड्याचे बूट आले. हॅनोव्हरकडे परत द्यायला वस्तू नव्हती, त्यांनी संगीत दिलं, चेंबर म्युझिक. गोष्ट इथवर मला ठाऊक होती. ऐकताना नवीन काय सुचलं, ते सांगते. त्या वर्षी इंग्लंडातही सगळं रेशनवर होतं. पाव रेशनवर, कपडे रेशनवर, बूट कूपनवर. म्हणजे ज्या घरातून बूट आले, त्या घरात बूट मुबलक नव्हते. कपाटातलं उरलंसुरलं काढून देणं वेगळं आणि हे वेगळं.

दुपारी एगिडियन चर्चला गेलो. छप्पर नाही. १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये जळालं ते तसंच ठेवलं आहे. आत हिरवळ, वर आभाळ, खिडक्यांच्या कमानींतून शेजारच्या कचेऱ्या दिसतात. मनोऱ्याच्या दारापाशी हिरोशिमाने दिलेली शांतिघंटा टांगलेली आहे. हिरोशिमाही हॅनोव्हरचं जुळं शहर, १९८३ पासून. दरवर्षी ६ ऑगस्टला ती वाजवतात.

मी तिथे पाऊल टाकलं आणि मला वाटलं, ही जागा मी पाहिली आहे. ब्रिस्टलच्या कॅसल पार्कात सेंट पीटर्स चर्च असंच उभं आहे. २४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जळालेलं, बिनछपराचं, भिंतीवर बॉम्बहल्ल्यात गेलेल्या नागरिकांची नावं. उन्हाळ्यात मी मुलाला घेऊन त्याच्या पायरीवर डबा खाते. दोन शहरांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट केली. बाकी पुष्कळसं बांधून काढलं आणि असं एक चर्च तसंच ठेवलं.

तिसरा दिवस, शुक्रवार

आज सगळ्यांना आपापल्या यजमानांबरोबर दिवस मोकळा. माझ्या दृष्टीने हाच सहलीचा गाभा.

सकाळी मंडईत गेलो. मे म्हणजे इकडे श्पार्गेलचा हंगाम. श्पार्गेल म्हणजे पांढरा ॲस्परॅगस, मातीच्या उंच वरंब्याखाली ऊन न लागू देता वाढवलेला. २४ जूनला हंगाम संपतो, त्यानंतर शेतकरी तो काढत नाहीत, झाडाला विसावा देतात. आपल्याकडे आंब्यावरून चालतं तसं इथे दोन महिने यावरून चालतं. कुणाच्या शेतातला, किती जाड, आज काय भाव. बाईंनी एक दांडा दुसऱ्यावर घासला. ताजा असला तर किंचित किंचाळल्यासारखा आवाज येतो. आला. दोन किलो घेतला.

घरी येऊन दोघी स्वयंपाकघरात सोलायला बसलो. मला वाटलं होतं, शेवग्याच्या शेंगा सोलल्यासारखं असेल. तसं नाही. दांडा मनगटावर आडवा ठेवायचा, शेंड्याच्या खाली दोन बोटं सोडून सोलाणं लावायचं आणि बुडख्यापर्यंत एकाच ओढीत न्यायचं. दांडा गोल फिरवत राहायचं. शीर राहिली तर घासात दोरा येतो. साली टाकायच्या नाहीत, त्या उकळून त्याच पाण्यात दांडे शिजवायचे. माझे पहिले तीन दांडे मोडले. त्या काही बोलल्या नाहीत, मोडलेले सूप करायला बाजूला सरकवले आणि हात न थांबवता बोलायला लागल्या.

त्यांचा जन्म १९४१ चा. बॉम्ब त्यांना आठवत नाहीत, आईने त्यांना खेड्यात नेलं होतं. बूट आठवतात. "मला नाही मिळाले. आमच्या जिन्यातल्या एका मुलाला मिळाले. मोठे होते, पुढे वर्तमानपत्र कोंबून घालायचा. आम्ही सगळे त्याला ते एकदा घालू दे म्हणून मागे लागायचो. तो घालू द्यायचा, जिन्यातून खालीवर एक फेरी."

मग १९५७. सोळा वर्षांच्या असताना त्या शाळेच्या अदलाबदलीतून ब्रिस्टलला गेल्या, तीन आठवडे. बेडमिन्स्टरमधलं एक कामगार कुटुंब. इंग्रजी पुस्तकातलं, तोंडातून एक शब्द फुटेना. पहिल्या रात्री अंथरुणात पाय घातले तर काहीतरी गरम लागलं आणि त्या किंचाळल्या. गरम पाण्याची रबरी पिशवी होती. घरातली बाई धावत आली, हसली, पिशवी काढून दाखवली आणि परत पायाशी ठेवली. "माझ्या आईनंतर माझ्या पायाला ऊब देणारी ती पहिली बाई. आणि ती इंग्रज होती."

पुढे एका रविवारी त्या कुटुंबाने त्यांना शहरात नेलं. ब्रिस्टलची जुनी बाजारपेठ होती ती कॅसल स्ट्रीट. १९५७ मध्ये तिथे दुकान नव्हतं, गाड्या उभ्या करायचं मोकळं मैदान होतं आणि मध्ये ते बिनछपराचं चर्च. सोळा वर्षांच्या मुलीने विचारलं, हे कशामुळे? घरातला बाप म्हणाला, "युद्धामुळे." तुमच्यामुळे असं म्हणाला नाही. बाईंनी सोलाणं खाली ठेवलं. "आमच्या शहराचं काय झालं ते मी रोज बघत होते. तुमचंही झालं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं, बॉम्ब आमच्यावरच पडले. त्या घरात राहिले नसते तर कधीपर्यंत तसंच वाटत राहिलं असतं कोण जाणे."

ब्रिस्टलच्या त्या घरात त्यांच्याच वयाची मुलगी होती. दोघींची पत्रं साठ वर्षांवर चालली. दोघी एकमेकींच्या लग्नांना, नंतर एकमेकींच्या नवऱ्यांच्या अंत्यविधींना गेल्या. २०१९ मध्ये ती गेली. मी ज्या खोलीत झोपत होते ती 'तिची' खोली. पलंग तिच्यासाठी घेतलेला, तिला मऊ गादीने पाठ धरायची म्हणून कडक. भिंतीवर दोघींचा फोटो, क्लिफ्टनच्या झुलत्या पुलावर. ती गेल्यानंतर त्या खोलीत पहिली झोपणारी मी.

हे ऐकल्यावर मला पुढचा दांडा नीट सोलता आला असं नाही, तोही मोडला.

जेवायला श्पार्गेल, उकडलेले बटाटे, वितळलेलं लोणी. चव म्हणाल तर अगदी सौम्य, किंचित कडवट, गोडसर. संध्याकाळी आयलेनरीडं या जंगलात फिरायला गेलो. ते शहराच्या पोटातच आहे, साडेसहाशे हेक्टरांच्या आसपास. त्या माझ्या पुढे चालत होत्या.

चौथा दिवस, शनिवार

आज बसने बेर्गन-बेलझन. हॅनोव्हरच्या उत्तरेला साठेक किलोमीटर. रस्ता सुंदर आहे. माळरान, बर्च, पाइनची राई. इतका सुंदर की पोहोचल्यावर अपराधी वाटतं.

नाझींच्या छळछावणीच्या बराकी आज नाहीत. १५ एप्रिल १९४५ ला ब्रिटिश सैन्य आत शिरलं तेव्हा तिथे सुमारे साठ हजार माणसं होती, त्यातली बहुतेक मरणाच्या दारात, आणि हजारो प्रेतं उघड्यावर. टायफसची साथ होती म्हणून सैन्याने नंतर बराकी जाळून टाकल्या. उरले ते टेकाडासारखे लांबट उंचवटे, वर हेदरची झुडपं. प्रत्येकाच्या पुढे दगडी भिंत आणि तिच्यावर कोरलेलं: इथे १००० मृत विसावले आहेत. इथे २५००. इथे ५०००. नावं नाहीत, आकडे. या छावणीत बावन्न हजारांहून जास्त कैदी मेले. ॲन फ्रँक आणि तिची बहीण मार्गोट इथेच गेल्या. दोघींच्या नावाचा एक दगड आहे, पण त्या नेमक्या कुठल्या उंचवट्याखाली आहेत हे कुणाला ठाऊक नाही. दगडापाशी लोकांनी छोटे खडे, चित्रं, एक पेन ठेवलेलं होतं.

आमच्यातल्या एका गृहस्थांचे वडील लढाईनंतर याच भागात ब्रिटिश सैन्यात होते. त्यांनी घरी या विषयावर कधी तोंड उघडलं नाही. हे गृहस्थ एका उंचवट्यापुढे बराच वेळ उभे होते. त्यांच्या शेजारी त्यांचे हॅनोव्हरचे यजमान उभे, हात पाठीमागे बांधून. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. निघताना यजमानांनी त्यांचा कोट धरला, बाही शोधायला मदत केली, एवढंच.

मला त्या दोन वर्षांच्या अंतराने फार छळलं. बेलझनची छायाचित्रं इंग्लंडात १९४५ मध्ये सगळ्यांनी पाहिली होती. १९४७ मध्ये तिथूनच साठ किलोमीटरवरच्या मुलांना त्यांनी बूट पाठवले. त्यांनी काही विसरून पाठवले असं नाही, विसरायला वेळच कुठे झाला होता? आमच्या मंडळाच्या अध्यक्षबाईंना परतीच्या बसमध्ये मी हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, म्हणूनच आम्ही दर भेटीत एकदा इथे येतो. जर्मन मंडळींनीच तसा आग्रह धरला आहे.

रात्री घरी दोघींनी सूप घेतलं आणि लवकर झोपलो.

पाचवा दिवस, रविवार

हेरेनहाउझनच्या बागेत आज सगळे जमले, यजमान, पाहुणे, नातवंडं. राजकुळातल्या सोफीने ही बाग फुलवली. १७०१ च्या कायद्याने इंग्लंडच्या गादीची वारस तीच होती. पण १७१४ च्या जूनमध्ये, ८३ व्या वर्षी, याच बागेत फिरताना पाऊस आला, ती आडोशाकडे धावली आणि कोसळली. इंग्लंडची राणी ॲन दोन महिन्यांच्या आत गेली. तेवढ्या अंतराने सोफीची गादी हुकली आणि तिचा मुलगा पहिला जॉर्ज म्हणून लंडनला गेला. मोठं कारंजं सुरू झालं की पाणी सत्तर मीटरांच्या वर जातं. वारा आमच्या बाजूला होता, सगळे भिजले.

बाईंची पंधरा वर्षांची नात आमच्याबरोबर होती. तिने मला लाइबनिट्सची गोष्ट सांगितली. हा तत्त्वज्ञ सोफीच्या पदरी होता. जगात कुठल्याही दोन गोष्टी तंतोतंत सारख्या नसतात असं त्याचं म्हणणं. दरबारातल्या एका गृहस्थाला ते पटलं नाही, तेव्हा सोफीने त्याला याच बागेत दोन सारखी पानं शोधून आण म्हटलं. तो पुष्कळ हिंडला, मिळाली नाहीत. नातीने आणि मी लिंडेनच्या झाडाखाली अर्धा तास शोधलं. एक जोडी जवळजवळ जमली होती. उजेडात धरली तर एकाची शीर डावीकडे फुटत होती.

नातीला ब्रिस्टलला यायचं आहे. अडचण अशी की २०२१ च्या ऑक्टोबरपासून युरोपातल्या लोकांना नुसत्या ओळखपत्रावर इंग्लंडात येता येत नाही, पासपोर्ट लागतो. युरोपात फिरायला ओळखपत्र पुरतं, त्यामुळे तिच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांकडे पासपोर्टच नाही. वर्गात एखादं मूल युरोपाबाहेरच्या देशाचं नागरिक असेल तर त्याला वर व्हिसाही लागू शकायचा. मग शिक्षक म्हणायचे, आयर्लंडला जाऊ. तिच्या शाळेने तसंच केलं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. आमच्या डब्यात माझ्याखेरीज साठीच्या खालचं फारसं कुणी का नव्हतं, त्यातलं थोडं उत्तर इथे आहे. अध्यक्षबाईंच्या मते दुसरं कारण म्हणजे लोकांना परकं माणूस घरात ठेवायला आता नको वाटतं. पहिली गोष्ट सरकारने बदलायची. दुसरी तुम्ही-आम्ही.

संध्याकाळी निरोपाचं जेवण. ल्यूट्ये लागे हा इथला खास प्रकार: एक छोटा पेला बिअरचा, त्याहून छोटा दारूचा, दोन्ही एकाच हाताच्या बोटांत धरायचे, वरच्यातली दारू खालच्यात ओघळत ओघळत दोन्ही एकदम प्यायची. आमच्या पंचाहत्तरीच्या गृहस्थांना हे पहिल्या झटक्यात जमलं. मला पाण्यावर शिकवलं. शेवटी वेल्फेनश्पायजं, खाली पांढरी मलई, वर पिवळं कस्टर्ड, हॅनोव्हरच्या राजघराण्याचे हे दोन रंग. हे मात्र मी दोनदा घेतलं.

घरी परतताना जिन्यात बाई थांबल्या, दम खायला असं मला वाटलं. तसं नव्हतं. जर्मनमध्ये 'झी' म्हणजे तुम्ही आणि 'डू' म्हणजे तू. मोठ्या माणसाने स्वतःहून म्हटल्याशिवाय डू म्हणायचं नाही, आणि त्यांनी म्हणणं ही साधी बाब नाही. त्या म्हणाल्या, आता आपण डू म्हणूया. मी घोटाळ्यात पडले. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईंना अगं-तुगं करायला माझी जीभ वळेना. मी तसं सांगितलं, आमच्याकडे एवढ्या मोठ्या माणसाला नावाने हाक मारत नाहीत. मग काय म्हणतात? आजी. आणि आजीला तू म्हणता की तुम्ही? "तू," मी म्हटलं. "आजीला तू म्हणतो आम्ही."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या आणि वर चढायला लागल्या.

सहावा दिवस, सोमवार

सकाळी पलंगावरची चादर, उशांचे अभ्रे काढून घडी घातली. आजीने ती माझ्या हातातून घेतली आणि परत पलंगावर ठेवली, धुवायला नेली नाही. "दोन दिवस राहू दे."

मी आणलेल्या चकल्यांचा रिकामा डबा तिने धुऊन त्यात लाइबनिट्सच्या नावाची बिस्किटं भरून दिली. रिकामा डबा परत करायचा नसतो हे तिला कुणी शिकवलं, विचारायचं राहून गेलं.

स्टेशनवर सगळे शेपटीखाली जमले. गाडी वेळेवर आली.

आता सप्टेंबर. पुढच्या महिन्यात हॅनोव्हरची मंडळी ब्रिस्टलला येतील. आजी येणार नाही, गुडघा धरला आहे. मुलाची खोली रिकामी करून मी तिथे कडक गादी टाकली आहे आणि बेडमिन्स्टरच्या एका दुकानातून गरम पाण्याची रबरी पिशवी आणली आहे. काल नातीने फोटो पाठवला. लाल रंगाचं नवंकोरं पुस्तक, वर सोनेरी गरुड. पासपोर्ट आला.